पाठीवरचे आडवे पट्टे

कोल्हारमध्ये सुया टोचणारी बाई कुठे राहते म्हणून विचारलं, तर शेंबडं पोरही राजेश्वरीचा दवाखाना दाखवतं. ॲक्युपंक्चर हे नाव काही गावाच्या जिभेवर बसलं नाही. पुण्याला जाऊन ती ही चिनी विद्या शिकली. नाडी बघायची, जीभ बघायची, शरीरातला प्रवाह कुठे तुंबलाय ते ओळखून सुई लावायची. पण नुसत्या नाडीवर भरवसा ठेवतील ते गावकरी कसले! हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे लोकांना आरसाच लागतो. म्हणून तिने मोबाईलला लावायचा उष्णतेचा कॅमेरा आणला. तापलेली जागा लाल, गारठलेली निळी. फोटो बाहेरच्या टीव्हीवर दिसायचा, सोबत आलेली माणसंही बघून खूश व्हायची. त्या टीव्हीचा राजेश्वरीला भारी तोरा होता.

गेल्या श्रावणात श्रीमंत नावाचा गडी बायकोला घेऊन आला. ज्ञानेश्वरी तिचं नाव. "पाठ धरलीया हिची. कामाला उठंना," एवढं सांगून तो बाहेर बाकावर बसला. ती एक शब्द बोलली नाही. पडद्याआड तिने पाठ उघडी केली. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. राजेश्वरीने सवयीने कॅमेरा धरला.

पाच लालभडक पट्टे उमटले. चिनी शास्त्रातल्या मोठ्या वाहिन्या पाठीवरून उभ्या जातात, आणि हे पट्टे आडवे होते. दांडक्याला ओलं पोतं गुंडाळून मारलं की वर वळ उठत नाही, मार आतच राहतो. टीव्ही चालू आहे हे राजेश्वरीला आठवलं, तोवर बाहेर नंबर लावून बसलेली आक्काबाई म्हातारी ओरडली होती, "आगं बया! ह्ये तर दांडक्याचं वळ हायेत!"

श्रीमंत पडदा फाडून आत घुसला. "गावाला दाखवतीस व्हय?" म्हणत त्याने ज्ञानेश्वरीचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. दात तुटून फरशीवर पडला. मोबाईल त्याने भिंतीवर फोडला. मधे पडलेल्या राजेश्वरीच्या पोटात लाथ बसली. बाहेर चार धडधाकट गडी बसले होते, एकही मेला उठला नाही. नवरा-बायकोचं भांडण ना, त्यात कशाला पडा!

तिसऱ्यांदा त्याने केस ओढले, तेव्हा राजेश्वरीने लोखंडी स्टूल उचललं आणि जीव खाऊन त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज बाकापर्यंत गेला. तो गुरासारखा हंबरत खाली बसला. राजेश्वरीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. पण त्याच क्षणी स्वतःचाही भयंकर राग आला. मिरवायची हौस आपली, आणि दात पडला दुसरीचा. आता ती बाई ह्याच्याच घरी परत जाणार, आणि आजचा सगळा वचपा तिच्यावरच निघणार.

कुणीतरी फोन केला, हवालदार आला. श्रीमंतचा लोंबता हात बघून त्याने आधी तेच विचारलं, "ह्याचा हात कुणी मोडला?"

बाकावरच्या सगळ्या माना राजेश्वरीकडे वळल्या. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात ज्ञानेश्वरी भिंतीला धरून उभी राहिली. पदराने तोंडातलं रक्त पुसलं. नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून ती त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलली.

"लिवून घ्या सायेब, म्या मोडला. आन् परत उगारला, तर दुसराबी मोडीन."