सुभेदार आण्णा आणि आमची संशयित पेटी

शाळाशाळांतून विज्ञानाचे प्रयोग दाखवत हिंडलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप अंगावर येऊन पडतात! मी आणि माझा मित्र दिलीप, दोघंही सांगलीत विश्रामबागला राहणारे. सोबत सामानाची पत्र्याची पेटी. ती दिसली की लोकांना पहिला संशय येतो, हे काय विकायला आलेत?

पाचगणीच्या एका शाळेत दिलीपनं भरल्या ग्लासवर पुठ्ठा ठेवून ग्लास उलटा केला. थेंब सांडला नाही. टाळ्या राहिल्या बाजूला, एक पोरगा उठला.

"सर, हे एडिट केलंय ना?"

"अरे बाबा, तुझ्यासमोर करतोय की!"

"तेच विचारतोय. समोरासमोर कसं एडिट केलं?"

आष्ट्याजवळच्या एका शाळेत आम्ही दर शनिवारी जायला लागलो. पोरं लय गोड, पण सुभेदार आण्णा! फौजेतून रिटायर झालेले, शाळा समितीवर, घरी चार म्हशी, नात मनाली सातवीत. पहिल्याच दिवशी त्यांनी गेटवर पेटी उघडायला लावली. व्हिनेगर हुंगलं, फुगे ताणून बघितले.

"फुगं कशाला?"

"हवेचा दाब शिकवायला, आण्णा."

"हवा शिकवाय सांगलीस्नं मानसं लागत्यात व्हय?"

मग आम्ही दुर्बीण नेली. ग्रह-तारे बघायची, तिच्यात सगळं उलटं दिसतं. सरावाला पाण्याच्या टाकीवर रोखली. आण्णांनी डोळा लावला, मग बाजूला होऊन टाकीकडं बघितलं, पुन्हा डोळा लावला.

"टाकी उलटी, मग पानी का सांडंना? गंडवताय व्हय आमास्नी!"

आणि तडक हेडसरांकडं तक्रार!

हेडसर घाबरून म्हणाले, "अजून एक तक्रार आली की तुमचे शनिवार बंद." लय वाईट वाटलं हो! पोरं गेटवर आमची वाट बघत उभी असायची.

पुढच्या शनिवारी आण्णा स्वतःच मागच्या बाकावर येऊन बसले. शेजारी हेडसर. मी जीव मुठीत धरून लॅक्टोमीटर दाखवला.

"दुधात पाणी घातलंय का, ते यानं कळतं. पुढच्या वेळी सगळ्यांनी घरनं बाटलीभर दूध आणा."

आण्णा ताडकन उठले. "पोरांस्नी दूध मागताय? हेडसर, हे आजच बंद करा!"

तेवढ्यात मनालीनं हात वर केला.

"सर, आमी घरात पितो त्ये आणू, का हेडसरांकडं घालतो त्ये?"

हेडसरांनी सावकाश आण्णांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले.

"पुढच्या शनिवारी नक्की या. आणि मनाली, तू दोन्ही आण!"