सासूबाईंच्या टोपीएवढं छत

फोल्कमार हेगेले श्टुटगार्टच्या मोटार कारखान्यात डिझायनर होता. पण ऐन उमेदीची वर्षं त्याने दाराच्या मुठी, ॲशट्रे आणि आरशाच्या दांड्या काढण्यात घालवली. घरी मात्र जेवणाच्या टेबलावर, डाळीच्या वाफेआडून, तो बायकोला अख्ख्या गाड्या काढून दाखवायचा. सगळ्या जमिनीला चिकटलेल्या, माशासारख्या निमुळत्या.

"यात माणसं बसणार की झोपणार?" इर्मट्राउट विचारायची.

"तुला रेषा कळत नाही."

"नाही बाई. मला ताट पुसून ठेवलेलं कळतं."

शेवटी एकदाची त्याच्या हाती अख्खी गाडी आली. साधी, चार दारांची, घरच्या माणसांसाठी. फोल्कमारला आभाळ ठेंगणं झालं. छताची रेषा त्याने अशी काही मागे उतरवली, की पाहणाऱ्याची नजरच घसरावी. कारखान्यात तपकिरी मातीचा पूर्ण आकाराचा नमुना उभा राहिला. फोल्कमारला घरीही चैन पडेना. त्याने आपल्या गॅरेजमध्ये स्वयंपाकघरातल्या चार खुर्च्या मांडल्या, वर लाकडी पट्ट्यांचं छत ठोकलं आणि रोज संध्याकाळी त्यात एकटाच जाऊन बसू लागला.

रविवारी चर्चमधून सासूबाई कॉफीला आल्या. ओटिलीबाई म्हणजे गावातलं भारदस्त प्रकरण. डोक्यावर पिसाची टोपी आणि त्याखाली ठाम मतं.

"माझ्या खुर्च्या कुठायत?" लेकीच्या स्वयंपाकघरात शिरताच त्यांनी विचारलं. खुर्च्या त्यांनीच लग्नात दिल्या होत्या.

"गाडीत," इर्मट्राउट म्हणाली.

ओटिलीबाई तडक गॅरेजात गेल्या आणि मागच्या खुर्चीवर बसू लागल्या. पट्टीत पीस अडकलं, टोपी नाकावर आली.

"फोल्कमार! ही गाडी आहे की शवपेटी?"

"आई, टोपी काढा ना जरा."

"टोपी? अरे, मी देवासमोर टोपी काढत नाही, तुझ्यासमोर काढू?"

सोमवारी फोल्कमार मातीच्या नमुन्यापुढे उभा राहिला, तर त्या सुंदर उतारावर त्याला वाकडी झालेली टोपीच दिसू लागली. दुपारपर्यंत त्याने दम धरला. मग मऊ करायला भट्टीत ठेवलेली नमुन्याची गरम माती घेतली आणि छताच्या मागच्या बाजूवर थापत सुटला.

मुख्य डिझायनर आखेनबाख फेरीला आले आणि जागीच थबकले. "हेगेले, गाडीला पोक कधी आलं?"

"हवेचा अभ्यास केला, साहेब."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

फोल्कमारला खोटं कधी जमलं नव्हतं. "सासूबाईंच्या," तो पुटपुटला.

सगळं दालन खदखदून हसलं. आखेनबाख हसले नाहीत. आत बसून जागा तपासायचा लाकडी सांगाडा बाजूला होता, तो त्यांनी जुन्या छताच्या मापाने लावायला सांगितला आणि आपला ताडमाड देह मागच्या जागेवर कोंबला. टाळकं सडकून आपटलं. ते बाहेर आले, डोकं चोळलं. "राहू दे पोक," म्हणाले आणि निघून गेले.

गाडी बाजारात आली. वर्तमानपत्रांनी तिला उकडलेला बटाटा म्हटलं. बक्षिसं इतरांच्या बसक्या गाड्यांना गेली. फोल्कमारने इतकी धास्ती घेतली, की बाहेरगावी कुणी "काय करता?" विचारलं तर तो "मुठी" म्हणून मोकळा व्हायचा. पण टॅक्सीवाल्यांनी त्या बटाट्याचं सोनं केलं. वाकायला नको, डोकं आपटायला नको, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची कुरकुर नाही. बघता बघता स्टेशनबाहेर तिच्याच रांगा लागल्या, आणि फोल्कमारला तोंड लपवायला जागा उरली नाही.

एकदा नवरा-बायको आणि सासूबाई अशी तिघं स्टेशनवरून घरी निघाली. टॅक्सी अर्थात तीच. चालक कोस्तास नावाचा बोलघेवडा ग्रीक होता.

"याआधीच्या गाडीनं माझी मान मोडली होती," तो म्हणाला. "ही ज्यानं केली ना, त्याच्या आईला असा लेक दिल्याबद्दल ओवाळलं पाहिजे!"

फोल्कमार खिडकीबाहेर बघत राहिला. इर्मट्राउटने मागून त्याच्या खांद्याला बोट टोचलं. "बोल की, मुठीवाल्या."

त्याचे कान लाल झाले. "ती... मी केलीय," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"खरंच?" कोस्तासने गाडी कडेला घेतली आणि त्याचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "मग साहेब, एक सांगा, हा ॲशट्रे कुठल्या गाढवानं केलाय? उघडतच नाही!"

"तोही यानंच," मागून ओटिलीबाई म्हणाल्या. "छत माझं."

त्या दिवसापासून फोल्कमारची भीड चेपली. पुढच्याच शुक्रवारी गावच्या गुत्त्यात त्याने बिअरचा पेला टेबलावर ठेवला आणि छाती काढून जाहीर केलं, की स्टेशनवरच्या त्या सगळ्या गाड्या आपल्या हातच्या आहेत.

टेबलावरची मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"फोल्कमार," शेजारचा सुतार समजुतीने म्हणाला, "सासूच्या कामाचं श्रेय असं लाटू नये रे. ओटिलीबाईंनी सगळ्या गावाला केव्हाच सांगितलंय."