लोध्राचा लेप आणि न फोडलेल्या पट्ट्या

सुरतेतल्या कतारगामच्या त्या चाळीत अनुसया इंगळेच्या दाराशी एक दोरी बांधलेली असे आणि तिला पतंगाच्या कागदाचे तुकडे टाचलेले असत. नव्या माणसाला वाटे, उत्तरायणातल्या फाटक्या पतंगांचा पोरांनी काही खेळ केला असेल. ते चाळीतल्या मुलींच्या कपाळांचे नमुने होते. समोर बसलेल्या मुलीच्या कपाळावर अनुसया कागदाचा कोरा तुकडा दाबायची आणि उजेडाकडे धरायची. जिथं तेल लागलं असेल तिथं कागदातून आरपार दिसे. तो डाग आठवड्याआठवड्याला लहान होत गेला की मुलीला वेगळं काही सांगावं लागत नसे.

अनुसया मलकापूरजवळच्या एका खेड्यातली. नवरा लक्ष्मण सुरतेत लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, लागला, तशी तीही आली. भागळजवळ भाईदास नावाच्या म्हाताऱ्याचं काष्ठौषधींचं दुकान होतं, तिथं ती साली आणि मुळ्या कुटायला जाऊ लागली. बारा वर्षं कुटता कुटता कशात काय पडतं ते तिला कळत गेलं. मुरुमांचा लेप मात्र भाईदासनं तिला मुद्दाम शिकवला. लोध्राची साल, धणे, वेखंड, आणि डाग राहिले असतील तर मंजिष्ठ. लोध्र तुरट असतो. जिभेवर ठेवला तर जीभ आखडते, तसाच तो चेहऱ्यावरचं तेल आवरतो, हे भाईदासचं सांगणं. पुढचं तो गुजरातीतच म्हणायचा, “पण उतावळ नहि करवानी, बेन.”

दुकान बंद झालं तेव्हा कुटायचा खल त्यानं तिलाच दिला.

सुवर्णा ही तिची एकुलती एक मुलगी. सतराव्या वर्षी तिच्या गालांवर मुरूम असे फुटले की ती दुकानदाराशीसुद्धा खाली मान घालून बोलू लागली. भुसावळकडचे पाहुणे बघायला आले, पोहे खाल्ले, आणि महिनाभरानं निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण चेहऱ्याचं आधी काहीतरी करा. लक्ष्मण तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं टेट्रासायक्लिनच्या कॅपसूल लिहून दिल्या आणि लक्ष्मणनं तीन पट्ट्या विकत आणल्या.

“मले दोन महिने द्या,” अनुसया म्हणाली. “नाही उतरलं तं खुशाल खाऊ घाला.”

दोन महिन्यांनी पतंगाच्या कागदावर हरभऱ्याएवढा डाग उरला. भुसावळचे पाहुणे पुन्हा आले नाहीत, पण ते आता सुवर्णाच मनावर घेईनाशी झाली होती. ती मान वर करून चालत होती. त्या तीन पट्ट्या अनुसयानं लोध्राच्या डब्यात ठेवून दिल्या.

तिथून तिचं नाव झालं. हिऱ्यांच्या कारखान्यात जाणाऱ्या मुली, लग्नाला आलेल्या मुली, कधी मिशी फुटलेला एखादा मुलगा, सगळे दारात बसत. कोणी शंका घेतली की अनुसया डबा उघडायची आणि पट्ट्या समोर धरायची.

“ह्या पाय डॉक्टरच्या कॅपसुला. एक तरी फोडेल दिसते का?”

सगळ्या चाळीनं त्या पट्ट्या पाहिल्या होत्या. भिंतीपलीकडच्या लीलानं तर कितीदा. लीला अकोल्याकडची. तिचा नवरा पंडित लक्ष्मणच्याच खात्यात लूम चालवायचा. ती नुसती गप्पांना येऊन बसायची आणि मुलींना हसवायची.

“अनुसयाबाई, थोडासा माह्या थोबाडालेही फासा. आमचे हे दुसरी करतो म्हनतात.”

“पंडितभाऊले म्हना, आधी पहिलीले साडी घ्या,” अनुसया म्हणे. पलीकडून पंडित भिंतीवर थाप मारी. “आयकू येते मले!”

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात तापी चढली. पाणी उतरल्यावर गल्लीत चिखल आणि मेलेली जनावरं राहिली. गणपती बुडवून माणसं कामाला लागतात न लागतात तोच बातमी पसरली की वेड रोडला माणसं पटापट मरताहेत आणि तो प्लेग आहे. एका दिवसात खाती बंद पडली. बऱ्याच दवाखान्यांची शटरं खाली आली. माणसं तोंडाला रुमाल बांधून स्टेशनाकडे पळत होती आणि भुसावळच्या गाड्यांना टपावरही जागा नव्हती. यावर टेट्रासायक्लिन चालतं हे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. दुपारपर्यंत औषधांच्या दुकानांत ते संपलं होतं.

इंगळ्यांनी निघायचं ठरवलं होतं, पण गर्दी ओसरेपर्यंत लक्ष्मण थांबा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लीला दारात उभी राहिली. आत आली नाही.

“यायले ताप हाय रातीपासून. छातीत दुखते म्हनतात.”

“दवाखान्यात न्या ना मंग.”

“सरकारी दवाखान्यात चला म्हनलं तं भिंतीले धरून बसले. तिथं गेलेला परत येत नाही म्हनतात.” लीलानं पदर तोंडावर घट्ट धरला. “अनुसयाबाई, त्या सुवर्णाच्या कॅपसुला हायेत ना तुमच्यापाशी?”

अनुसयाच्या पाठीमागे खाटेवर सुवर्णा बसली होती. फळीवर लोध्राचा डबा होता. लीलाला तो दारातून दिसत होता. त्यात काय आहे हे तिला जितकं माहीत होतं तितकं चाळीत कोणालाच नसेल.

“त्या कुठं राहिल्या आता,” अनुसया म्हणाली. “सुवर्णानं खाल्ल्या.”

“कधी? तुम्ही तं दाखवत होत्या...”

“तवाच खाल्ल्या. दाखवत होती त्या रिकाम्या होत्या, फोडेल बाजू माह्याकडं ठेवत होती.” एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. “लेपानं काय होते, लीला? कॅपसुलांनीच निवळलं तिचं तोंड. लोकायले सांगाले आपलं काहीतरी.”

लीला तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात संशय नव्हता. फसवल्या गेलेल्या माणसाचं थोडंसं आश्चर्य होतं, आणि रागावायला वेळ नव्हता.

“मंग दुसरं काही?”

अनुसयानं कडुनिंब आणि गुळवेलीचा काढा करून दिला. तो या दुखण्याला काही करणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं तो नीट उकळला, गाळला आणि भांड्यावर झाकण ठेवून दिला.

लीला गेल्यावर सुवर्णा हळूच म्हणाली, “आई, मी कुठं खाल्ल्या?”

“गप बस.”

लक्ष्मण मोरीपाशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. अनुसयानं दार लावलं, डबा काढला, पट्ट्यांवरची लोध्राची भुकटी पुसली आणि पहिली पट्टी फोडली. तिघांपैकी कोणालाही ताप नव्हता. तिघांनी पाण्याबरोबर एकेक कॅपसूल गिळली. सकाळी बोललेलं खोटं त्या दिवसापासून खरं होऊ लागलं.

भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या माणसांनी पंडितला उचलून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तो गेला. त्याला प्लेगच होता की न्यूमोनिया, हे लीलाला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. दोन दिवसांनी तोंडाला कापड बांधलेले पालिकेचे कर्मचारी गल्लीत आले आणि प्रत्येक घरात टेट्रासायक्लिन वाटून गेले. फुकट, माणशी मोजून. लीलाच्या दारातही त्यांनी हाक मारली. अनुसयानं आपल्या वाट्याच्या घेतल्या आणि त्याच डब्यात टाकल्या.

सुरत पुन्हा भरली, खाती सुरू झाली. पळून गेलेल्या मुली परत आल्या, पण अनुसयाच्या दारात बसेनाशा झाल्या. लीलानं कुचकेपणानं काही पसरवलं नव्हतं. कोणी विचारलं तर ती ऐकलं तेवढं सांगे, की सुवर्णाचं तोंड कॅपसुलांनी बरं झालं, अनुसयाबाईनं स्वतः कबूल केलं. यावर अनुसयाला एक शब्द बोलता येण्यासारखा नव्हता. लेप खरा म्हणावा, तर पट्ट्या होत्या कुठं याचं उत्तर द्यावं लागणार. दोरीवरचे कागद उन्हानं पिवळे पडले आणि एका दिवाळीत तिनं ते काढून टाकले. खलात ती मिरची कुटू लागली.

सुवर्णाचं लग्न शहाण्णवमध्ये झालं. ती माहेरी येते तेव्हा लीलाच्या घरी जात नाही. लीलाला वाटतं, पोरगी सासरी जाऊन मोठी झाली.

लीला साडीला टिकल्या लावायचं काम घरी आणून जगली. तिची मुलगी पल्लवी सोळा वर्षांची झाली आणि तिच्या तोंडावर मुरूम आले, अगदी सुवर्णाला होते तसे. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी लीला तिला घेऊन अनुसयाकडे आली. चार वर्षांत पहिल्यांदा ती उंबरा ओलांडून आत बसली.

“डॉक्टरले दाखवलं काल,” तिनं पिशवीतून कॅपसूलची पट्टी काढली. “पाहा बरं. ह्याच होत्या ना सुवर्णाच्या?”

अनुसयानं पट्टी हातात घेतली. पल्लवी समोर खाली मान घालून बसली होती आणि दारातल्या उजेडात तिचं कपाळ तेलानं चमकत होतं. किती लोध्र लागेल, वेखंड किती कमी घ्यावं, मंजिष्ठ कधी घालावी, हे अनुसयाला तिच्याकडे एकदा बघून कळलं.

“यानंच बरं झालं होतं ना तिचं?” लीलानं विचारलं.

“हो,” अनुसया म्हणाली. “यानंच.”

“मंग बरं झालं.” लीलानं पट्टी परत घेऊन पिशवीत जपून ठेवली. पल्लवीला उठवता उठवता ती म्हणाली, “आता कुठंही भेटतात, बाई.”

अनुसया दारापर्यंत त्यांना पोचवायला गेली. मग आत येऊन तिनं खल पालथा घातला.