आत्याच्या लिंबावरची परदेशी पाखरं

उंद्रीच्या आत्यासाठी मी खामगावच्या बाजारातून पिंजऱ्यासकट चार हिरवीगार पाखरं घेतली. विकणारा म्हणाला, "खास ऑस्ट्रेलियाची आहेत, साहेब." आत्याचा एकुलता एक विलास तिकडेच नोकरीला, म्हटलं, लेकाच्या देशातली पाखरं पाहून म्हातारी हरखेल. आत्यानं पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली, तांब्यातलं पाणी आत शिंपडलं, आणि ओट्यावर हिरवे ओघळ वाहू लागले. पिंजऱ्यात उरल्या चार मातकट मुनिया. आपल्याच ज्वारीच्या धुऱ्या-बांधावरच्या.

"बंड्या," आत्या म्हणाली, "तुहं ऑस्ट्रेलिया शेगावच्या अलीकडं हाये का पलीकडं?"

मुनिया तिनं सोडून दिल्या. पिंजरा ठेवून घेतला. त्यात लसूण ठेवू लागली.

संशय आत्याच्या रक्तातच होता. अंगणात एक मोठा कडुलिंब. त्यावर जो बसेल त्याची चौकशी व्हायचीच. ओट्यावर बसून, डोळ्यांवर हात धरून ती वर बघायची आणि दरडावायची, "कोन गावचं बे हे?" कावळे, चिमण्या गाववाल्यांत जमा, त्यांना माफी. कोकिळेवर मात्र खुन्नस. "जिचे लेकरं दुसऱ्याच्या घरी वाढते, तिचं गानं काय ऐकावं?"

हिवाळ्याच्या तोंडावर काळ्या डोक्याच्या, गुलाबी पाठीच्या भोरड्या थव्यानं उतरत आणि लिंब नुसता कलकलाट करी. एकदा मला शहाणपण सुचलं.

"आत्या, ह्या पार मध्य आशियातून येतात."

"तिथं झाडं नाही?"

"आहेत की."

"मंग इथं काऊन येते?"

"तिकडे थंडी फार पडते."

"अन् इथं नाही पडत? माह्या गोधडीले विचार. नाही बंड्या, हे तिकडं काहीतरी करून पळून आलेले असतीन."

त्या दिवसापासून भोरड्या आल्या की ती वाळवणाची ज्वारी आत घेई आणि दाराला कडी लावी. ज्वारीचं समजू शकतो. कडीचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

विलासला मुलगी झाली आणि तो आईच्या मागेच लागला. एकटी राहू नकोस, इकडे ये. मोबाईलवर त्यानं घरासमोरचं झाड दाखवलं. त्यावर पिवळ्या तुऱ्याचे पांढरेशुभ्र काकाकुवे ओळीनं बसलेले. आत्यानं फोन डोळ्यांपाशी नेला. "एखाद्यावर पानी मार बरं," ती म्हणाली. विलासला काही कळलं नाही. मी दुसरीकडे बघू लागलो.

फोन ठेवल्यावर मात्र ती हसली नाही. "मी उडाली का हे घर गेलं समज. लिंबासकट."

"आत्या, पोटच्या पोरावर संशय?"

"पोटचा हाये म्हनूनच मी त्याले ओळखतो ना."

"माझ्या गळ्याची शपथ, तसं काही नाही."

"तुह्या गळ्याचं काय सांगतं? तो तं कोनीबी कापते."

शेवटी नातीच्या ओढीनं ती गेली. निघताना लिंबाच्या बुंध्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. जन्मात कुणाला किल्ली न देणारी बाई! मी भारावून गेलो. घरी येऊन बायकोला चारदा सांगितलं.

तिथून तिचा फोन आला. "इथले पाखरं मानसाले भेत नाही रे. हातातली पोळी नेते. काहीतरी गडबड हाये." मग आवाज बारीक करून म्हणाली, "कोनाले काही विचारलं तं सारे हसते. आपल्या लिंबावर कोन हाये सध्या?"

"भोरड्या आल्यात."

"आल्या?" आणि तिनं फोन ठेवला.

पंधरवड्यानं विलासचा फोन. "बंडूदादा, आई मस्त रमली आहे. घराला गिऱ्हाईक बघ. लिंब तोडला की प्लॉट मोकळा होईल."

"आत्याला विचारलंस?"

"तीच म्हणाली."

विश्वास ठेवला. मी ठेवतोच. चिखलीच्या एका व्यापाऱ्याला घेऊन उंद्रीला गेलो, ऐटीत किल्ली काढली, कुलपाला लावली. सरळ लावली, उलटी लावली, तेल घालून लावली. कुलूपच वेगळं होतं. व्यापारी माझ्याकडे असा बघू लागला की जणू मी दुसऱ्याचंच घर विकायला काढलंय. डोक्यावर भोरड्या ओरडत होत्या.

घरी येऊन सगळी हकीकत बायकोला सांगितली. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाईनं जायच्या आदल्या दिवशीच कुलूप बदललं. चावी माह्यापाशी हाये. म्हने, बंड्या मनाचा साफ हाये, म्हनूनच त्याचं भेव वाटते."

मी खिशातली किल्ली काढून मेथीशेजारी ठेवली.

"अन् त्या व्यापाऱ्याले येत्या सोमवारी परत बोलवा," ती म्हणाली. "रविवारी आत्याबाई परत येऊन राह्यल्या. तो कोन गावचा, ते त्याच विचारतीन."