बर्फ होता

सरांनी मला कसं फसवलं, ते तू माझ्या तोंडून कितीदा तरी ऐकलंयस. नदीच्या अभ्यासासाठी राबवून घेतलं, प्रकल्पात घेतो म्हणाले आणि ऐन वेळी दुसरीलाच घेतलं — कामापुरता मामा. सांगताना अजूनही माझा आवाज चढतो. पण ती गोष्ट मी नेहमी मधूनच सुरू करते. तिच्या आधीचा भाग कुणालाच सांगितलेला नाही. आईलासुद्धा नाही.

वैशाली आठवते तुला? पेठ गावची, माझ्याबरोबर एमएस्सीला होती. नाशिकला ती मावशीकडे राहायची, शहर संपतं त्याच्या पुढे, गोदावरीच्या काठावर. मावशीचा तिथे भाजीचा मळा, आणि मळ्याच्या जरा वर नदीला मिळणारा एक नाला. उन्हाळ्यात तो फेसाळायचा. मावशीच्या विहिरीलाही वास यायला लागला होता. "लय उग्र वास मारतो गं पोरी, तोंडात घालवत नाय," म्हणत ती आम्हाला हंड्यात डोकावायला लावायची.

आम्ही नाल्यापाशी पाण्याचे नमुने घेतले, ते तिच्यासाठीच. म्हणजे वैशालीने तिच्यासाठी — आणि मी? मी बहुतेक सरांसाठी. त्यांनी शाबासकी द्यावी म्हणून.

तपासणीत जंतूंचे आकडे वाईट आले. पुढे नदी संरक्षणाचं धोरण ठरवायला एक बैठक झाली; कुठले नाले आधी अडवून शुद्धीकरणाकडे वळवायचे, ते तिथे ठरणार होतं. वैशालीने आमचे आकडे मांडले. सरांनी वेगळेच मांडले. त्यांनी तिथलेच नमुने घेतले होते, पण धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं तेव्हा — आणि वरून पाणी आलं की आपली नदी चार दिवस कशी धुतल्यासारखी दिसते, हे नाशकातलं शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. मी गप्प बसले.

एवढा फरक का, असं एका अधिकाऱ्यांनी विचारलं. सर शांतपणे म्हणाले, मुलींनी बाटल्या बर्फात ठेवल्या नसतील. उन्हात पाणी तापलं की जंतू वाढतात आणि आकडा फुगतो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी म्हणाले, "नव्हता बर्फ."

होता. मीच आणला होता, रसवंतीवाल्याकडून, फडक्यात गुंडाळून. माझे हात बधिर झाले तेव्हा वैशालीने ते तिच्या ओढणीत धरून ठेवले होते.

ती त्या बैठकीत काहीच बोलली नाही. का नाही बोलली? मला तिचाच राग आला — ती बोलली असती तर कदाचित मी... नाही. मी तेव्हाही खोटंच बोलले असते. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "तूच आणला होतास ना गं बर्फ?" मी रिक्षाला हात केला.

तो नाला यादीत आला नाही. वैशाली पेठला परत गेली. त्यानंतर सरांनी मला वगळलं, आणि मी किती रडले — केसानं गळा कापला म्हणून! रडणं खरं होतं. अजूनही आतून जळतं. पण सरांना माझी पारख बरोबर झाली होती. मैत्रिणीवर उलटली ती आपल्यावर उलटायला किती वेळ, असंच त्यांना वाटलं असणार.

मध्यंतरी भाजीबाजारात मावशी भेटली. प्यायचं पाणी ती आता जारचं आणते, विहिरीचं सगळं मळ्याला. तिच्या बोलण्यावरून कळलं — वैशालीने तिला माझ्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. "दोघींनी लय धावपळ केली गं आमच्यापायी," म्हणाली आणि कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. पैसे घेईना.

मी हसून निरोप घेतला. घरी येऊन जुडी नळाखाली धरली. धुतली, पुन्हा धुतली. मग कचऱ्यात टाकली.