राजाची जागा

आमची आत्या झाडांना माणसांची नावं ठेवायची. "आज स्टेशनमास्तरले दोन फुलं आली," असं ती म्हणाली, की नवखा माणूस चपापून तिच्याकडे बघायचा. जऊळक्याच्या तिच्या अंगणातली जास्वंद स्टेशनमास्तरांची होती, तगर कारंजाच्या एका मास्तरीणबाईंची आणि मोगरा पोहरादेवीच्या वाटेवर चहा पाजणाऱ्या कुणा बाईचा. ज्यानं फांदी दिली, त्याचं नाव झाडाला. गावात तिला फांदीवाली आत्या म्हणत.

तिच्या पिशवीत कायम एक ओलं फडकं असायचं. चोरून आणलेली फांदी लवकर फुटते म्हणतात, पण आत्याला ते मुळीच पटत नसे. "चोरलेल्या झाडाले नाव कोनाचं ठेवाचं?" असं ती विचारायची. मिळालेल्या फांदीची पानं काढून तिचं एक तोंड ती विळ्यानं तिरपं कापायची आणि मग फडक्यात गुंडाळायची. लहानपणी मी तिच्या मागेमागे फिरायचो, पण तिरपं कशाला कापते, हे कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तिची खोड असेल.

नोकरीनिमित्त मी बंगळूरला राहिलो. तिथं एका जुलैत ती आली ती म्हैसूरचा राजवाडा पाहायचा म्हणूनच. "आत्या, या दिवसांत कुणी जात नाही. बागेत फुलंसुद्धा नसतात," मी म्हणालो. "म्हून तं आली ना बाबू! फुलं पाह्याले कोनीबी येते. फांद्या ह्याच दिवसात भेटते." मोरीजवळ एक खड्डा खणूनच ती घरून निघाली होती. "साऱ्यायचं झाड झालं, एक राजाच राह्यला," म्हणाली.

राजवाड्यात आम्ही धरून पाचपंचवीस माणसं असतील. कारंजी बंद, वाफे उकरलेले, गवतातून पाणी ठिबकत होतं. आतली झुंबरं तिनं धड पाहिलीही नाहीत. "एवढ्या मोठ्या घराले झाडू कोन मारत असंन?" एवढंच विचारलं आणि बागेकडे वळली. तिथं एक म्हातारा माळी गुलाब छाटत होता. शेजारी फांद्यांचा ढीग. आत्याचा चेहरा उजळला. फडकं बाहेर काढून ती निघालीच होती, तेवढ्यात समोरून माझ्या ऑफिसातले साहेब सहकुटुंब येताना दिसले.

मी तिचा हात धरला. "आत्या, इथं असं मागत नाहीत. लोक काय म्हणतील?"

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं. "मांगत नाई का? बरं." तिनं फडक्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. परतीच्या वाटेवर ती राजवाड्याचं कौतुक करत राहिली. मला लाज वाटली पाहिजे होती, पण मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. मी पोचलो तेव्हा मोरीजवळचा खड्डा तसाच होता, गवत काढून स्वच्छ ठेवलेला. शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, "तुमी गेल्ते तवा राजा घरी नोता म्हने. मंग फांदी कोनाले मांगाव? साऱ्या गावाले तेच सांगे तुमची आत्या."

माझं नाव तिनं कुठं येऊच दिलं नव्हतं. मी त्या खड्ड्याशी बसून ओक्साबोक्शी रडलो.

जुलैत मी पुन्हा म्हैसूरला गेलो, एकटाच. तोच माळी, तसाच ढीग. मी मागताच तो म्हणाला, "ले जाओ साहब. कोई माँगता ही नहीं." त्यानं चांगली पाहून एक फांदी काढली, पानं उतरवली आणि एक तोंड तिरपं कापून दिलं. मी रुमाल भिजवून ती गुंडाळली आणि तसाच जऊळका गाठला. खड्ड्याशी बसल्यावर कळलं, की तिरपं तोंड वर करायचं की खाली, हे मला ठाऊकच नाही. शांताबाई शेतात निंदणाला गेल्या होत्या आणि मला परतीची गाडी गाठायची होती. लावली तशीच.

मग दर रविवारी शांताबाईंना फोन. "पानी टाकून राह्यली ना भाऊ," त्या म्हणायच्या. महिन्याभरानं एकदा त्या म्हणाल्या,

"वाळली भाऊ. उपटून पाह्यली म्या. तिरपं तोंड मातीत जाते. तुमी आभायाकडे केलं."



"तो खड्डा बुजवून टाकू काय?" त्यांनीच पुढं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "राहू द्या उघडाच."