मॅरेज गार्डनच्या आधीचा बगीचा

मिलचा भोंगा बंद झाला, तरी बाबा रोज सकाळी तयार होऊन मिलच्या गेटवर जायचे. तिथे धरणं चालू होतं. भाषणं व्हायची, चहा व्हायचा, दुपारी सगळे आपापल्या घरी. काही महिन्यांनी बाबांनी गेटवर जाणं सोडलं आणि शेजाऱ्याकडून फावडं मागून आणलं.

आमच्या क्वार्टरांच्या मागे एक मोकळा प्लॉट होता. वस्तीच्या नकाशात तिथे बगीचा दाखवला होता, प्रत्यक्षात उकिरडा होता. पूर्वीही लोक तिथेच कचरा टाकायचे, पण तो भाजीच्या सालांचा, राखेचा, पत्रावळींचा. पावसाळा संपेपर्यंत त्याची माती व्हायची. मग बाजारात नवा माल आला. शाम्पूचे पाऊच, गुटख्याचे पाऊच, आणि कोथिंबिरीची जुडीसुद्धा पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून मिळायला लागली. उकिरडा कुजेनासा झाला, नुसता वाढत गेला. मिलमधून माणसं बाहेर पडली त्याच दिवसांत आमच्या दारात पन्नी आली, हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त वास यायचा.

आईला लाज वाटायची. "जॉबर होतात तुम्ही, हाताखाली माणसं होती. आता हे उपसणार?"

"कुणीतरी उपसायला हवं ना," बाबा म्हणायचे.

त्यांच्या जोडीला आले शेजारचे काका. मिलच्या ज्या खात्यात कापूस पिंजतात, तिथे त्यांचं आयुष्य गेलं होतं. छातीत तंतू जाऊन जाऊन दम इतका वाढला होता की दोन पायऱ्या चढल्या की ते खाली बसायचे. फावडं त्यांना जमत नव्हतं. ते उलट्या टोपल्यावर बसून काडीने पन्न्या वेचायचे. मग दोघं त्या हिंदी बोलणाऱ्या वस्तीत घरोघर सांगत फिरले. "भाभी, पन्नी अलग रखना, सब्जी का अलग." लोक हसायचे. "क्यों भिया, नगर निगम में नौकरी लग गई क्या?" एका बाईने तर मुद्दाम सगळं एकत्र करून काकांच्या पायाशी ओतलं. काकांनी तेही निवडलं.

भाजीचा कचरा खड्ड्यात पुरला, वर गोठ्यातलं शेण टाकलं. खत झाल्यावर झाडं लावली. कडुलिंब, करंज, शिरीष, मधोमध एक जांभूळ. पहिल्या उन्हाळ्यात अर्धी मेली. बाबांनी परत लावली. तीन-चार वर्षांत बायका दुपारी तांदूळ निवडायला तिथे बसू लागल्या. हसणारेच मग खत मागायला यायला लागले. काका सकाळी आले की जेवायलाच उठायचे. म्हणायचे, "यहाँ साँस पूरी आती है."

झाडं सावली देण्याइतकी झाली, तेव्हा वस्तीतले एक नेताजी बघायला आले. बाबांच्या गळ्यात हार घातला, फोटो काढला. पुढल्या महिन्यात भिंत बांधली गेली, "सुरक्षेसाठी". मग फाटक, फाटकाला कुलूप. एका सकाळी करवतीचा आवाज आला. आम्ही धावत गेलो तोवर जांभूळ आडवं झालं होतं. तिथे लग्नाचं स्टेज होणार होतं.

बाबा नेताजींच्या माणसापुढे उभे राहिले. "नक़्शे में बगीचा है. ये आप नहीं काट सकते."

"तो गार्डन ही तो है, दादाजी," तो बोर्डाकडे बोट दाखवून हसला. बोर्डावर लिहिलं होतं, मॅरेज गार्डन.

बाबा वर्षभर महापालिकेच्या दफ्तरात खेटे घालत राहिले. साहेब बसायला खुर्ची द्यायचे, सगळं ऐकून घ्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगायचे. काका फाटकाबाहेर ओट्यावर बसायचे. तिथे झाडाची सावली नव्हती, गाड्यांची धूळ होती. त्या थंडीत काका गेले. त्यांच्या घरच्यांनी डॉक्टरला दोष दिला. बाबांनी कुणाला दिला ते मला ठाऊक आहे.

घर आईच्या शिवणकामावर चाललं होतं. म्हणून मॅरेज गार्डनवाल्याने माळ्याचं काम देऊ केलं तेव्हा आईने बाबांकडे नुसतं पाहिलं. त्यांनी काम घेतलं. भिंतीलगतचे करंज आणि कडुलिंब तेवढे उरले होते, त्यांना पाणी मिळेल, असं म्हणाले.

माझं लग्न तिथेच लागलं. आमच्याच माळ्याची मुलगी म्हणून मालकाने जागा फुकट दिली, आणि ते माइकवरून सांगितलंही. जांभळाच्या जागेवर मी शालू नेसून उभी होते. सासरची मंडळी म्हणाली, काय छान जागा मिळाली. जेवणं उरकल्यावर नोकरांनी थर्माकोलच्या ताटल्या उष्ट्यासकट भिंतीपलीकडे भिरकावल्या. बाबा नवा सदरा घालून पलीकडे गेले आणि त्या वेचायला लागले. मामा ओरडले, "आज तरी राहू द्या!" ते थांबले नाहीत. मी स्टेजवरून बघत होते. मला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं सासरी जायचं म्हणून आलं.

पुढे एसी हॉलसाठी करंजही पाडले. त्या दिवशी बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "उद्यापासून डबा नको."

आता शहर स्वच्छ म्हणून गाजतं. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते. ओला-सुका वेगळा कसा करायचा हे शिकवायला एक तरुण मुलगी आमच्या सोसायटीत आली होती. चांगली मुलगी होती, मनापासून सांगत होती. मॅरेज गार्डनमध्ये खताचं मशीन बसलंय, फाटकाशी कुंड्या आहेत, आणि मालकाचा सत्कार झाला. त्याच्या भाषणात वस्तीतल्या कुणाचं नाव नव्हतं.

बाबा शेवटची काही वर्षं सवारी टेम्पोत बसून नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, त्या जुन्या दगडी समाध्यांपाशी, जायचे. पायऱ्यांवर बसून राहायचे. नदीचा तेव्हा नाला झाला होता, वास यायचा. मी एकदा म्हटलं, "बाबा, इथे काय बसता? चांगल्या पार्कात चला, तिकीट मी काढते."

"बागेत बसायला तिकीट?" ते म्हणाले, आणि थोडे सरकून त्यांनी मला बसायला जागा करून दिली.